तरुण इंजिनियर आणि त्याचे चोवीस तास



व्याख्यानमालेचे चालक निमंत्रण घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचा पत्ता चुकला असावा असेच मला वाटले. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. त्यानंतर इचलकरंजीत चार वर्षे मागावर आणि पुढे भोसरीत लेथवर काम केले. गेली पंचवीस-तीस वर्षे कामगार संघटनेच्या कचेरीत बसतो आहे. जे काही वाचले, ते पाळी सुटल्यावर वाचले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्या मागच्या रांगेत, अंगावरच्या कपड्यांना तेलाचा वास येत असताना, मी पुष्कळ संध्याकाळी बसलो आहे. तेव्हा व्यासपीठ मला नवे असले तरी ही जागा नवी नाही.

आजचा विषय मला माझ्या भाच्याने दिला. तो तिशीच्या आतला इंजिनियर आहे. त्याच्या परवानगीने त्याची हकीकत सांगतो. नाव मात्र सांगणार नाही. आणि नाव सांगून करायचे तरी काय? या सभागृहातील निम्म्या घरांत तो किंवा त्याच्यासारखी मुलगी आहेच.

बहिणीच्या घरची चार एकर शेती. मुलगा हुशार निघाला. शैक्षणिक कर्ज काढून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली, पण कर्जाचा हप्ता आणि खोलीचे भाडे वजा जाता हातात उरेना. तेव्हा त्याने प्रोग्रॅमिंग शिकायचे ठरविले. रात्री दहा ते एक असा अभ्यास दीड वर्ष चालला. त्याच्या जवळ एक वही असे. डाव्या पानावर त्या दिवशी काय शिकलो ते, उजव्या पानावर खानावळीचा, बसचा आणि खोलीचा खर्च. ती वही त्याने मला वाचायला दिली. डावे पान वाचून मला आनंद झाला. उजवे पान वाचून मात्र मी गप्प बसलो, कारण त्यात एका महिन्यात चार रविवारी 'जेवण' या सदरापुढे रेघ होती.

मला प्रोग्रॅमिंग समजावून सांगताना तो म्हणाला, "मामा, यंत्राला आधी सगळे सांगून ठेवायचे. अमुक झाले तर हे कर, नाहीतर ते कर." मी म्हटले, "हे तर मी अठराव्या वर्षी करीत होतो." त्याला ते पटेना. तेव्हा मी त्याला डॉबीची गोष्ट सांगितली. मागावर नक्षीचे कापड काढायचे असले की डॉबीच्या लाकडी पट्ट्यांत खुंट्या ठोकाव्या लागतात. जिथे खुंटी, तिथे उभे धागे वर उचलले जातात; जिथे खुंटी नाही, तिथे खालीच राहतात. पट्ट्यांची साखळी फिरत राहते आणि नक्षी उतरत राहते. एक खुंटी चुकली तर सबंध तागा बिघडतो आणि शिवी आपल्याला पडते. फ्रान्समध्ये जाकारने १८०४ च्या सुमारास हेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर आणले. पुढे त्याचे रेशमात विणलेले चित्र निघाले, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी ही पुठ्ठ्यांची कल्पना उचलली, आणि त्या यंत्राकडून गणित कसे करवून घ्यावे याची टिपणे एडा लव्हलेसने १८४३ साली प्रसिद्ध केली. तेव्हा संगणकाच्या घराण्यात विणकराचे रक्त आहे. हे ऐकून भाचा हसला, आणि मलाही त्याच्या कामाची भीती वाटेनाशी झाली.

त्यानंतर तो रविवारी आमच्या कचेरीत येऊ लागला. कंत्राटी कामगारांच्या जादा कामाचा हिशेब आम्ही हाताने करीत असू. त्याने त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. आल्याची वेळ घाला, गेल्याची वेळ घाला, की तास आणि मजुरी पुढे येते. दिवसपाळीचे सगळे हिशेब बरोबर आले. मग रात्रपाळीचे एक गृहस्थ आले. आल्याची वेळ रात्री अकरा, म्हणजे तेवीस. गेल्याची वेळ सकाळी सात. यंत्राने सातातून तेवीस वजा केले आणि उत्तर दिले : उणे सोळा तास! म्हणजे रात्रभर राबलेला माणूसच मालकाला सोळा तासांचे देणे लागत होता. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पोरा, यात माझी रात्र कुठे गेली?"

भाच्याने चूक शोधली. मध्यरात्र ओलांडली असेल तर चोवीस मिळवायचे. मग उत्तर आठ येते. एका ओळीची दुरुस्ती. पण ती ओळ त्याला का सुचली नाही? त्याने रात्रपाळी कधी केली नव्हती. आणि त्या गृहस्थांना चूक तत्काळ का दिसली? त्यांनी बावीस वर्षे रात्रपाळी केली होती. हल्ली साध्या भाषेत सांगितले तरी संगणक स्वतः प्रोग्रॅम लिहून देतो, म्हणून तरुण मुले धास्तावली आहेत. धास्ती खोटी नाही. परंतु उत्तर उणे सोळा आले तर ते चूक आहे हे ओळखणारा माणूस त्या कामाजवळ असावाच लागेल. म्हणून मी तरुणांना सांगतो, प्रोग्रॅमिंग अवश्य शिका. पण ज्या कामासाठी तो प्रोग्रॅम आहे, त्या कामाची आणि ते करणाऱ्या माणसांचीही ओळख करून घ्या.

आता हकीकतीचा दुसरा भाग. दीड वर्षांच्या जागरणानंतर भाच्याला हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी लागली. पगार वाढला. बहिणीने पेढे वाटले. तीन वर्षे बरी गेली. मग हातातले काम संपले आणि त्याला, त्यांच्या भाषेत, बेंचवर बसविले. म्हणजे पगार चालू, काम नाही, आणि रोज नवे काहीतरी शिकून परीक्षा द्या. तो पुन्हा रात्री एकपर्यंत जागू लागला. एके दिवशी त्याला एका लहान खोलीत बोलावले. समोर दोन माणसे. त्यांनी सांगितले, आजच स्वतः राजीनामा द्या, म्हणजे पुढच्या नोकरीसाठी कागद स्वच्छ राहील. पाऊण तासात त्याने सही केली.

मला हे दोन आठवड्यांनी कळले. तोपर्यंत तो रोज सकाळी पाठीवर पिशवी लावून खोलीतून बाहेर पडत होता. बरोबरीच्या मुलांना कळू नये म्हणून! मी विचारले, "सही करण्यापूर्वी कोणाला विचारलेस?" तो म्हणाला, "विचारायचे कोणाला, मामा? मीच कमी पडलो."

बंधुभगिनींनो, 'मीच कमी पडलो' हे वाक्य मी गिरणीतल्या किंवा कारखान्यातल्या कामगाराच्या तोंडून क्वचितच ऐकले आहे. त्याच्यावर संकट आले की तो आधी मालकाला, मग सरकारला आणि शेवटी आम्हां पुढाऱ्यांना नावे ठेवतो. त्यात अतिशयोक्ती असते. पण निदान तो रात्री झोपतो. हा शिकलेला मुलगा मात्र सगळा दोष स्वतःकडे घेऊन जागा राहतो. त्याला वाटते की तो कामगार नाही. कायद्याचे म्हणणे तसे नाही. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात कामगार कोण याची जी व्याख्या होती, तीत १९५६ च्या दुरुस्तीने तांत्रिक काम करणाराही आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. पगाराची मर्यादा देखरेख करणाऱ्याला आहे. तांत्रिक काम करणाऱ्याला नाही. हुद्दा काय लिहिला आहे यापेक्षा माणूस प्रत्यक्ष काय काम करतो, हे पाहिले जाते. अशा माणसाला मालकाने कामावरून कमी केले तर पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई आहे. शिवाय नवे कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने निधीत भरावयाची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाची, असेही आता कलम आहे. राजीनाम्याच्या एका सहीने हे दोन्ही जाते. म्हणून घरी जाऊन मुलांना एवढे जरूर सांगा : त्या लहान खोलीत त्याच दिवशी सही करू नका. कागद घरी आणा, चार माणसांना दाखवा.

पण मी येथे दुसऱ्यांनाच उपदेश करायला उभा राहिलो, तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. शिकण्याच्या या प्रश्नात माझाही एक अपराध आहे. २००१ च्या सुमारास आमच्या कारखान्यात संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आली. व्यवस्थापनाने सांगितले, पाळी सुटल्यावर शिका. आम्ही समितीने ठराव केला की शिकण्याच्या तासांची मजुरी मिळाल्याशिवाय कोणीही शिकायला जाणार नाही. भाषण मीच केले आणि टाळ्याही मीच घेतल्या. व्यवस्थापनाने वाद घातला नाही. त्यांनी बाहेरून शिकलेली मुले घेतली. दोन वर्षांत आमचे जुने टर्नर स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सह्या करून घरी गेले. त्यांच्यातला एक असा होता की नुसत्या बोटाने चाचपून काम किती जाड आले ते सांगे. पुढे त्याने भाजीची गाडी लावली. मी त्याच्याकडून भाजी घेतो. त्याने मला एका शब्दाने कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

आमची मागणी चुकीची नव्हती. तिच्यासाठी आम्ही शिकणे अडविले, हे चुकले. यंत्रापुढे उभे राहून, ते शिकत शिकत, त्या तासांची मजुरी मागायला हवी होती. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ साली संगणकीकरणाविषयी बँकांशी करार केला. त्यात यंत्रे किती आणायची आणि ती चालविणाऱ्याला जादा भत्ता किती, हे वाटाघाटीने ठरले. तसे आम्हाला करता आले असते. त्या वेळी आम्ही शिकणे नाकारले. आजची मुले तर मागणेच विसरली आहेत.

आणि मागण्यासारखे काय आहे? दिवसाचे चोवीस तास. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, अशा मागण्या मांडल्या. सहा वर्षे झगडावे लागले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा पहिलाच करार आठ तासांच्या दिवसाचा झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ठरविली. आज माझा भाचा त्याच रविवारी लॅपटॉप उघडून बसतो, आणि त्याला कोणी तसा हुकूमही दिलेला नसतो. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार आपण 'अभ्यास' या नावाखाली परत करतो आहोत.

कोणी म्हणेल, शिकणे ही ज्याची त्याची हौस आहे. हौसेने शिकणाऱ्याला मी कशाला अडवू? मी स्वतः हौसेनेच शिकलो. परंतु जे शिकल्यावाचून उद्या नोकरी राहणार नाही, ते शिकणे म्हणजे हौस नव्हे. ते काम आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने हे तत्त्व मानले : शिकणाऱ्याला कारखान्यात शिकवावयाचे आणि विद्यावेतनही द्यावयाचे. १९७४ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी शैक्षणिक रजेचा करार केला. विसाव्या वर्षी जे न्याय्य, ते पस्तिसाव्या वर्षी अन्याय्य कसे होईल? संहितेतील पंधरा दिवसांचे वेतन ही सुरुवात म्हणून ठीक. पण पंधरा दिवसांत मागावर तुटलेला धागा नीट जोडायलाही कोणी शिकत नाही, आणि तेही नोकरी गेल्यानंतर! माझी मागणी साधी आहे. नोकरी असतानाच, कामाच्या तासांत, आठवड्यातून काही तास शिकण्यासाठी राखून ठेवा आणि ते हजेरीत धरा.

भाचा आता एका लहान कंपनीत पूर्वीपेक्षा कमी पगारावर लागला आहे. घरी त्याने सगळे सांगितले. त्यावर बहिणीने फोन करून मलाच झाडले : "दादा, तुला ठाऊक होते आणि तू मला बोलला नाहीस?" तिचे बरोबर आहे. आमची युनियनवाल्यांची जुनी सवय, हजारांच्या सभेत बोलायचे आणि घरात गप्प बसायचे.

रविवारी सकाळी दोन तास तो कचेरीत येतो. त्याच्याबरोबर आणखी सहा-सात मुलेमुली येतात. एकमेकांना शिकवतात आणि नोकरीतली गाऱ्हाणीही सांगतात. पैकी एकीला परवा त्या लहान खोलीत बोलावणे आले. तिने सही केली नाही. "उद्या सांगते," म्हणून ती बाहेर आली आणि तिने या मुलांना फोन केला. पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. पण विचारायचे कोणाला, हा प्रश्न तिला पडला नाही, एवढे मी पाहिले.

दुपारी बाराला मी कचेरीला कुलूप लावतो आणि सर्वांना घरी जेवायला पाठवतो. वहीतल्या 'जेवण' या सदरापुढे पुन्हा रेघ दिसली, तर पुढच्या रविवारी कुलूप उघडणार नाही, असे मी भाच्याला बजावून ठेवले आहे.