घट्ट पेडल आणि नववीचा तास



"दोन शब्द बोल" असं सांगितलंय. सॉफ्टवेअरवर बोलले तर मागचा बाक झोपेल, म्हणून आमच्या गॅरेजमधल्या गाडीबद्दल बोलते.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. जुन्या गाडीत दणकट इंजिन बसवून तिची 'हॉट रॉड' करायची तिथे जुनी हौस आहे. आम्हीही अशी एक १९३२ सालची फोर्ड घेतली. मुळात तिचे ब्रेक सळ्यांनी ओढले जायचे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९च्या मॉडेलपासून दिले. आमच्या गाडीला ते कुणीतरी नंतर बसवलेले. इंजिन जोरदार, ब्रेक नावापुरते.

एका रविवारी मुलगा शेजारी बसला होता. सिग्नल लाल झाला. मी सगळा जोर लावून पेडल दाबलं, तरी गाडी झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन थांबली. रस्ता ओलांडणारे एक आजोबा चटकन मागे सरले, म्हणून निभावलं. ब्रेक कमी लागतात हे मला आधीच माहीत होतं, तरी मी मुलाला घेऊन निघाले होते. ते अजून टोचतं.

सगळे म्हणाले, पाइपात हवा असेल. मी तीनदा हवा काढली, लायनर बदलले. फरक शून्य. चौथ्यांदा पाना उचलला आणि विज्ञानाच्या बाईंचा आवाज आठवला, "आधी नीट बघ, मग हात लाव."

मग पेडलकडे लक्ष दिलं. हवा असली की पेडल स्पंजासारखं लागतं. पाय दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असेल, तर तेल कुठेतरी निसटतंय. आमचं पेडल दगडासारखं घट्ट होतं. म्हणजे दाबच पुरेसा तयार होत नव्हता.

बाईंनी नळीने जोडलेल्या दोन सिरिंज आणल्या होत्या, आठवतं? जाड सिरिंज दाबायला जड जायची. तोच पास्कलचा नियम! मास्टर सिलिंडर मोजला, एक इंच एक सूत. बूस्टर नसलेल्या आमच्या गाडीला तो फार जाड होता. शिवाय पेडलची तरफ पायाचा जोर फक्त चौपट करत होती. एक इंची सिलिंडर बसवला, तरफ सहापट केली. पायाच्या तेवढ्याच जोरात दाब जवळजवळ दुप्पट झाला. बदल्यात पेडल जास्त खाली जातं. तरफ फुकट काही देत नाही, हेही नववीतलंच.

आधी रिकाम्या मैदानात एकटीने गाडी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली. मगच मुलाला बसवलं.

डिग्री माझ्याकडे होती, पण मी उत्तर माहीत असल्यासारखी वागत होते. बाई, तुमचा तो तास मला इतक्या उशिरा समजला. पण समजला.