नाकाचा कौल आणि उरलेला रस्सा

आषाढाच्या शेवटच्या रविवारीं नाशिकमध्यें मटणाच्या दुकानांपुढें सकाळपासून गर्दी असते. श्रावण तोंडावर आलेला. तेव्हां रस्सा जरा अधिकच होतो. दुपारचा उरलेला रस्सा ओट्यावरच राहतो. रात्रीं कोणी वडील माणूस झांकण उचलून वास घेतें, 'चांगला आहे' म्हणतें, आणि पातेलें पुन्हां गॅसवर चढतें.

नाकाचा हा कौल अर्धाच खरा. वास आला तर मांस टाकावें, याविषयीं वाद नाहीं. वास आला नाहीं म्हणून तें निर्धोक, हा मात्र भ्रम होय. मांस बुळबुळीत व घाणेरडें करणारे जंतू एक. ओकाऱ्या-जुलाब लावणारे बहुधा निराळे. साल्मोनेला वाढला तरी वासांत वा चवींत फरक पडेलच असें नाहीं.

मोठ्या पातेल्यांतील रस्सा तर जंतूंचें माहेरघरच. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नांवाच्या जंतूचीं बीजुकें उकळीला दाद देत नाहींत. उकळीनें इतर जंतू मरतात, रस्स्यांतील हवा निघून जाते, आणि तो सावकाश निवूं लागला म्हणजे हीं बीजुकें जागीं होऊन झपाट्यानें वाढतात. पातेलें जितकें मोठें, तितकें निवणें मंद. म्हणून रस्सा उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आंत फ्रिजमध्यें ठेवावा; पारा ३२ अंशांवर असेल तर एकाच तासांत. नाशिकच्या वैशाखांत हें विसरूं नये.

'पुन्हां खळखळून उकळलें कीं झालें,' असें पुष्कळजण म्हणतात. परंतु हातावरील जखमेंतून अन्नांत उतरणारा स्टॅफिलोकॉकस आपलें विष मागें ठेवतो. उकळीनें जंतू मरतो; विष मरत नाहीं.

पूर्वीं फ्रिज नव्हते, तेव्हां लोक काय करीत? मराठवाड्यांतील दलित घरांत मांसाच्या पट्ट्या उन्हांत कडक वाळवून चान्या करीत. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकांत या खाद्यसंस्कृतीचें वर्णन आहे. पाणी गेलें कीं जंतूंची वाढ खुंटते. ओल्या रस्स्याला तो आधार नाहीं.

फ्रिजमध्यें ४ अंशांवर कच्ची कोंबडी वा खिमा फार तर दोन दिवस, मटणाचे तुकडे तीन ते पांच, शिजवलेलें तीन-चार दिवस ठेवावें. पावसाळ्यांत वीज गेली, तर दार मिटलेलें असतां थंडावा चार तास टिकतो. त्यापुढें महागाचें मटण टाकतांना हात कचरतो खरा. पण घरांत तान्हें मूल, गरोदर बाई किंवा म्हातारें माणूस असेल, तर वास न घेतांच तें टाकावें.