वेगळं ते पटकन दिसतं



तांदूळ निवडताना काळा खडा शोधावा लागत नाही, तो आपसूक डोळ्यांत भरतो. पांढरी गार मात्र बोटांनी तांदूळ पसरून शोधावी लागते. असं का होतं?

रंग, आकार, लहान-मोठेपणा, उभं-आडवं या गोष्टी आपली नजर आधी सुट्या सुट्या टिपते. लाल टिकल्यांच्या ढिगात एकच हिरवी असेल, तर ढीग केवढाही असो, ती लगेच दिसते. आता लाल गोल आणि हिरव्या लांबट टिकल्या मिसळा, त्यात एकच हिरवी गोल टाका. हिरव्याही पुष्कळ, गोलही पुष्कळ. मग रंग आणि आकार जुळवत एकेक टिकली बघावी लागते. ढीग वाढला की वेळही वाढतो. ॲन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी रंगीत अक्षरांचे प्रयोग करून १९८० साली हेच मांडलं.

याचा आपल्याला उपयोग काय? घरात दोन औषधांच्या गोळ्या पांढऱ्या आणि गोल असतील, तर घाईत, कमी उजेडात गल्लत होते. गोळ्या पाकिटातून काढून ठेवू नका. एका पाकिटाला जाड रबर लावा. डोळ्यांना दिसेल, हातालाही कळेल.

फवारणीच्या औषधाचं तर फारच जपायला हवं. ते कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतू नका. लेकरू बाटलीचा ओळखीचा आकार बघतं आणि तोंडाला लावतं. मूळ डब्यावर पतंगासारखा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे बरं! तेही विषच आहे.

आणि नुसत्या रंगावर विसंबू नका. काही जणांना, त्यातही पुरुषांना जास्त, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. अंधारात तर कुणालाच रंग नीट दिसत नाही. म्हणून विषाच्या डब्याला सुतळीचे जाड वेढे द्या आणि तो कुलपात, लेकरांपासून दूर ठेवा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत टिकल्यांचा हा खेळ जरूर खेळा. मग घरी जाऊन फडताळ उघडा आणि बघा, एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या कुठे शेजारी शेजारी तर नाहीत ना?