थांबण्याचे पैसे
(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



कविता ऐकायला मिळेल म्हणून काही जण आलेत. कविता आज नाही. आज हिशेब.

माझा आजा मुंबईच्या गोदीत हमाल होता. त्याच्या आधीच्या पिढीत गोदीचं काम टोळीवाल्याच्या हातात. सकाळी गेटावर माणसं उभी, टोळीवाला बोट दाखवणार, तू चल, तू चल. उरलेले रिकाम्या हातानं घरी. 1948 ला गोदी कामगारांचा कायदा झाला. 1951 ला मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. बोर्डात तिघं बसले : सरकार, मालक आणि कामगार. कामगाराची नोंद झाली, काम पाळीनं मिळू लागलं. आणि हजेरी लावूनही काम मिळालं नाही, तर हजेरीचे पैसे मिळायचे. थांबण्याचे पैसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आज मी त्याच गोदीत ठेकेदाराकडं आहे. जहाज नसलं की माझा दिवस फुकट. म्हणून ॲपवर टॅक्सी चालवणारा माझा चुलतभाऊ मला लांबचा वाटत नाही. तोही थांबतो, मीही थांबतो. फरक एवढाच, तो कर्जाच्या गाडीत बसून थांबतो.

कंपनी त्याला पार्टनर म्हणते. भागीदार! असला कसला भागीदार, ज्याला हिशेबाची वही दाखवत नाहीत? मागच्या पावसाळ्यात कुणीतरी तक्रार केली. मोबाईलवर मेसेज आला, आयडी बंद. कुणी केली, काय केली, कुठं जाऊन सांगायचं, काही नाही. ऑफिसच्या वॉचमननं गेटावरनंच घालवला. नऊ दिवस गाडी चाळीच्या तोंडाशी उभी. गाडी उभी राहते, हप्ता उभा राहत नाही. जुन्या टोळीवाल्याला निदान तोंडावर शिवी देता यायची. ह्या टोळीवाल्याला तोंडच नाही.

आपल्यातलेच काही म्हणतात, ॲपनं जात विचारली नाही, मोबाईल आणि लायसन घेतलं आणि काम दिलं. खरंय. हेही खरं, की रात्री आजारी आईला घेऊन रस्त्यावर उभं राहिलं तर वस्तीचं नाव ऐकून काळीपिवळीवाला मान फिरवायचा. ॲपवाला येतो. म्हणून ॲप जाळा असं मी म्हणणार नाही. यंत्र वाईट नाही, यंत्राचा मालक बेलगाम आहे. सरकारनं लगाम घालावा. पण लगाम कुणाच्या तोंडात, ते आधी बघावं. कारण आजवर रस्त्यावर पावती फाटली ती ड्रायव्हरची. टू-व्हीलरवर गिऱ्हाईक नेणारं पोरगं नाक्यावर पकडलं जातं. त्याला धाडणारी कंपनी नाक्यावर कधी उभीच नसते.

कायदे नाहीत असं नाही. 2019 ला मोटार वाहन कायदा बदलला आणि ह्या कंपन्यांना लायसन लागेल असं त्यात आलं. 2020 ला केंद्राची नियमावली निघाली : गर्दीच्या वेळी भाडं दीडपटीच्या वर नको, भाड्यातले निदान 80 टक्के ड्रायव्हरला, दिवसाला 12 तासांच्या वर काम नको. जुलै 2025 ला केंद्रानं दीडपटीची दुप्पट केली. महाराष्ट्रानं त्याआधी मे 2025 च्या धोरणात दीडपटच ठेवली होती. तरी त्याच जुलैत मुंबईचे ॲपवाले ड्रायव्हर संपावर गेले, आझाद मैदानात बसले. धोरण कागदावर, माणसं मैदानात. मधलं अंतर कोण तोडणार?

आणि ते 12 तास! बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. 1946 ला आठवड्याचे तास 54 वरनं 48 वर आले. बारा तासांनी सहा दिवस धरा, 72 होतात. ऐंशी वर्षांनी आपण पुढं आलो की मागं?

इंग्लंडात उबरचे ड्रायव्हर कोर्टात गेले. 19 फेब्रुवारी 2021 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हे भागीदार नाहीत, कामगार आहेत. ॲप चालू करून आपल्या भागात भाडं घ्यायला तयार बसलेला ड्रायव्हर कामावरच असतो. बघा, आमच्या आज्याच्या हजेरीचे पैसे तिकडच्या कोर्टानं ओळखले! पण पुढच्याच महिन्यात कंपनीनं किमान वेतन कबूल केलं ते भाडं घेतल्यापासून सोडेपर्यंतच्या वेळेचं. थांबण्याचे पैसे गिळले. म्हणून सांगतो, निकाल मिळाला म्हणून घरी जाऊन झोपायचं नसतं.

आता मागण्या.

एक. भाड्याचा तळही सरकारनं ठरवावा, नुसता माथा नको. दर भाड्यामागं गिऱ्हाईकानं किती दिले, कंपनीनं किती कापले, हे ड्रायव्हरच्या मोबाईलवर दिसलं पाहिजे.

दोन. म्हणणं ऐकल्याशिवाय आयडी बंद नको. ऐकणारा माणूस पाहिजे, मशीन नको.

तीन. थांबलेल्या वेळेचा मोबदला.

चार. बोर्ड. महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, तरी मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात जमा होते. त्यातनं फंड, ग्रॅच्युइटी, बोनस मिळतो. रोज दहा गिऱ्हाइकं बदलणाऱ्या ड्रायव्हरला हे का नको? राजस्थाननं 2023 ला ॲपवरच्या कामगारांसाठी कल्याण बोर्डाचा कायदा केला. केंद्राचा सामाजिक सुरक्षेचा कायदा 2020 ला पास झाला आणि नोव्हेंबर 2025 ला लागू झाला. त्यात कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के भरायचा आहे. भरला की नाही, हे विचारायला बोर्डात आपला माणूस बसला पाहिजे. साहेबानं नेमलेला नको, ड्रायव्हरांनी निवडलेला.

पाच. नियम मोडला तर आधी कंपनीचं लायसन जप्त, मग ड्रायव्हरचं बघू.

1938 ला मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पहिल्याशी लढताना दुसरा खिशात येऊन बसलाय. मोबाईल होऊन.

आज्याला बोर्ड कुणी दान दिलं नव्हतं. गोदीतली माणसं संघटित झाली तेव्हा ते मिळालं. खाली रस्त्यावर चार गाड्या भाड्याची वाट बघत उभ्या आहेत. बैठक संपली की चहा घेऊन तिकडं जाऊ. ते थांबलेच आहेत. बोलायला वेळ आहे त्यांच्याकडं.

जय भीम.