‘दूध पुरत नाही’ असं ठरवलं कुणी?

(स्तनपान सप्ताहानिमित्त कांजूरमार्ग येथील युवक-युवती मेळाव्यात केलेले भाषण)



विषय बाळंतिणींचा असूनही मुलगे बसून आहेत, याचा मला आनंद आहे. मला जे सांगायचं आहे ते निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

मी इथल्या वस्त्यांत बाळंतिणींना भेटायला जाते. पहिल्या आठवड्यात हमखास ऐकू येतं, ‘हिला दूधच येत नाही.’ बहुतेक वेळा हे आई म्हणत नाही, आजूबाजूचे म्हणतात. चार जणांनी म्हटलं की तिलाही ते खरं वाटू लागतं.

पहिले दोन-तीन दिवस घट्ट, पिवळसर चीक येतो. तो थोडाच असतो, पण बाळाचं पोटही इवलंसंच असतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरपूर दूध उतरतं. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. घाबरून वरचं दूध दिलं, की बाळ कमी ओढतं, दूध कमी होतं आणि घरचे म्हणतात, ‘बघा, आम्ही म्हटलंच होतं!’

बाळ रडलं म्हणजे उपाशीच असं नाही. पाचव्या दिवसानंतर ते दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा शू करत असेल आणि त्याचं वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. पाजताना दुखत असेल तर बाळाने नुसतं स्तनाग्र धरलेलं असू शकतं. भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. नर्सला, आशाताईंना दाखवायला सांगा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण पहिल्या तासात आईचं दूध मिळतं फक्त ४१.८ टक्के बाळांना. म्हणजे दवाखान्यात पोचूनही पहिला तास वाया जातो.

आपल्या काही घरांत ठरावीक अजान होईपर्यंत बाळाला पाजत नाहीत. कुरआनात असा हुकूम नाही. सूरह बकराच्या २३३व्या आयतीत पूर्ण दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख आहे. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे आणि दूध तोडायचं तर दोघांच्या संमतीने, सल्लामसलतीने, असं सांगितलं आहे. आपण ‘दोन वर्षं’ सुनेला ऐकवतो. पुढचं मुलाला ऐकवत नाही!

इथून धीम्या लोकलने पाचवं स्टेशन सायन. तिथल्या महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. स्वतःच्या बाळाला पाजून उरलेलं दूध आया तिथे दुसऱ्यांच्या नाजूक बाळांसाठी देतात. घरात जिला ‘दूध नाही’ म्हणून हिणवतात, तशीच एखादी बाई धीर मिळाला की दुसऱ्याचंही बाळ जगवू शकते.

काही आयांना आजारामुळे किंवा औषधांमुळे खरंच पाजता येत नाही. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं. त्यात गुन्हा नाही, आणि त्यांना टोमणा मारायचा हक्क कुणालाही नाही.

म्हणून मुलग्यांनो, आईचा आत्मविश्वास हे तिचं एकटीचं काम नाही. रात्री लंगोट बदला, पाजताना तिच्या हाती पाण्याचा तांब्या द्या, तिला वेळेवर जेवू घाला. कुणी ‘दूध पुरत नाही’ म्हणालं, तर ‘आधी बाळाचं वजन करू’ असं तुम्ही म्हणा. तिच्या वतीने एवढं एक वाक्य बोललात, तरी तिला मोठा आधार होईल.