लहान मुलांचा ताप आणि लघवीची तपासणी
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नव्हे, बँकेतला माणूस. पण आपल्याकडे बऱ्याच घरांत नातवंडं दिवसभर आजी-आजोबांकडेच असतात, म्हणून बोलतो.

गेल्या वर्षी आमच्या दीड वर्षाच्या नातीला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही. सगळे म्हणाले, दात येत असतील. बालरोगतज्ज्ञांनी मात्र आधी लघवी तपासायला सांगितली. जंतुसंसर्ग निघाला. एवढ्या लहान मुलांना 'जळजळ होते' हे सांगता येत नाही; ताप, उलट्या, किरकिर, दूध नको, एवढंच दिसतं.

अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी लघवी कल्चरला गेली पाहिजे. व्हाउचर आधी, पेमेंट नंतर! औषध पोटात गेल्यावर जंतू सापडेलच असं नाही, आणि मग त्याला कोणतं औषध लागू पडेल हेही कळत नाही. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात, ते योग्यच. चिकटपिशवीतल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, म्हणून नातीला बारीक नळी घातली. सूनबाई रडल्या, पण काम मिनिटाभराचं.

ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नका. उपचाराला उशीर झाला तर किडनीवर कायमचा व्रण राहू शकतो, पुढे रक्तदाबही मागे लागतो.

शाळेतल्या मुली अस्वच्छ टॉयलेटमुळे तासन्‌तास लघवी धरून ठेवतात, पाणीही पीत नाहीत. त्यात बद्धकोष्ठ असलं तर त्रास वाढतो. संध्याकाळी डबा संपवला का विचारता, तेव्हा हेही विचारा.