ओरखड्याचा खर्च कोणाचा?

धावत्या मोटारींच्या अपघातांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. उभ्या मोटारींना जे खरचटतं, त्याविषयी मात्र फारसं कोणी बोलत नाही. वाहनतळावर, सोसायटीच्या आवारात किंवा मंगल कार्यालयाच्या दारात गाडी मागे घेताना शेजारची गाडी घासली जाते. तिचा मालक जवळ नसतो. अशा वेळी मनात पहिला विचार येतो, तो कोणी पाहिलं का, हा! आणि कोणी पाहिलेलं नसलं, की पुष्कळ माणसं गुपचूप निघून जातात.

कायद्याला हे मान्य नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमानुसार, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि पोलीस जवळ नसला, तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यावर ते सांगणं हे चालकाचं कर्तव्य आहे. विमा कंपनीलाही कळवायचं असतं. आता तुम्ही म्हणाल, बोटभर ओरखड्यासाठी ठाण्यावर कोण जातो? ठीक आहे, पण म्हणून त्या मालकाला अंधारात ठेवायचं, असं नाही. वायपरखाली चिठ्ठी ठेवावी : नाव, दूरध्वनी, गाडीचा क्रमांक आणि काय घडलं ते. चिठ्ठी उडून जाते, म्हणून रखवालदाराच्याही कानावर घालावं. दोन्ही गाड्यांची छायाचित्रं काढून ठेवावीत.

खर्च कोणी द्यायचा? सामान्यतः जिच्यामुळे धक्का बसला त्या गाडीने. उभ्या गाडीचं दार मागेपुढे न बघता उघडलं, तर उघडणाराने. गाडी वाटेत आडवी लावलेली असेल, तर थोडा दोष तिच्याही मालकाकडे येतो. आणि गाडी पगारी ड्रायव्हर चालवीत असेल तर? तो मालकाच्या कामावर असताना झालेल्या नुकसानीची जबाबदारी मालकावरही येते. "तू आणि ते बघून घ्या," म्हणून त्या गरिबाला पुढे करणं न्यायाचं नाही.

हॉटेलच्या माणसाकडे किल्ली दिली असेल, तर गोष्ट निराळी. 'गाडी मालकाच्या जोखमीवर' एवढ्या पाटीने हॉटेल मोकळं होत नाही. २०१९ साली एका चोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ताब्यात घेतलेल्या गाडीची वाजवी काळजी हॉटेलने घेतलीच पाहिजे.

आता ज्याची गाडी खरचटली त्यानेही तारतम्य ठेवावं. ओरखड्यावरून नख फिरवून बघा. नख अडकलं नाही, तर बहुधा पॉलिशने काम भागतं. अडकलं, किंवा पत्र्याला पोचा आला, तर तेवढा भाग ठोकून रंगवावा लागतो. भरपाई म्हणजे गाडी होती तशी करून देणं. दुसऱ्याच्या पैशाने जुने पोचे काढून घेणं, ही भरपाई नव्हे.

विम्याचाही हिशेब करावा. वर्षभर दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. समजा, हा हप्ता ८,००० रुपये आहे आणि सूट ५० टक्के. ३,००० रुपयांच्या कामासाठी दावा केला, त्यातले १,००० तुमच्या अंगावर आले, तर हाती २,००० पडतात. पुढच्या वर्षी सूट जाते ती ४,००० ची! लहान नुकसान आपसांत मिटवणं स्वस्त पडतं, ते असं. नुकसान मोठं असेल, तर मात्र कंपनीला विचारल्यावाचून पैशाचा शब्द देऊ नये. पॉलिसीत सहसा तशी अट असते.

आपसांत मिटलं, तरी दोन ओळींचा कागद करावा : तारीख, गाड्यांचे क्रमांक, रक्कम आणि आता काही येणं नाही, अशी दोघांची सही. कारण ही माणसं बहुतेक आपल्याच जिन्यातली असतात. पैसे चार दिवसांत विसरले जातात. पण धक्का देऊन निघून गेलेला शेजारी मात्र वर्षानुवर्षं लक्षात राहतो.